आखूड आणि कडीची

डुकरानं कस्तुराबाईची मांडी फाडली, त्याच्या दुसऱ्या दिवशी बोरवडीची चार माणसं सिद्धोधनच्या दारात येऊन बसली.

कस्तुराबाई भरदिवसा तुरीच्या बांधावर गवत कापत होती. तुरीतून डुक्कर निघालं आणि तिला आडवं पाडून गेलं. जिंतूरला रक्त थांबवलं, पुढं परभणीला नेलं. जीव वाचला, पण त्यानंतर बायका शेतात पाऊल टाकायला तयार होईनात. हरभरा तर आधीपासूनच रोज उकरला जात होता. वनखात्याकडून डुकरं मारायची परवानगी मिळते, ती काढायला सरपंच तयार होता. पण परवानगी मिळाली तरी बार टाकणार कोण?

"हवालदार, तुमच्याबिगर गावात दुसरं कोण हाय?" सरपंच म्हणाला.

सिद्धोधन फौजेतून हवालदार होऊन परतला होता, मग काही वर्षं जिंतूरला एका बँकेच्या दारावर पहारा केला. त्याच्याकडे परवाना होता, परवान्यावर एक बोल्टची रायफलही होती. पण मागं मोटारसायकलवरून पडून त्याचा उजवा खांदा निखळला, तो बसवल्यावरही पहिल्यासारखा झाला नाही. बोल्ट उचलून मागं ओढायचा तर कोपर बाहेर काढावं लागतं, आणि कोपर बाहेर गेलं की खांद्यातून कळ निघून पार मानेत जायची. पहिल्या बारानंतर दुसरा बार टाकायला त्याला वेळ लागायचा. जखमी डुक्कर तेवढा वेळ देत नाही.

"रायफल बदलावी लागंल," तो म्हणाला. "लिव्हरची मिळाली तर जमंल मला."

लिव्हरच्या रायफलीला चापाखाली एक दांडा असतो. मुठीतली बोटं त्यातच असतात. दांडा खाली ढकलला की रिकामं काडतूस वर उडतं, परत ओढला की नवं काडतूस नळीत जातं. कोपर अंगाशी राहतं, काम मनगटावर भागतं. पण या रायफली काही बाजारात मांडलेल्या नसतात. जुन्या घरांतून कुठं कुठं उरल्यात. बोरवडीत अशा दोन होत्या आणि दोन्ही एकाच घरच्या, आबासाहेबांच्या.

सरपंचानंच आबासाहेबांच्या कानावर घातलं असावं. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"हवालदार, आमच्या दोन्ही रायफली परभणीला बन्सीधरच्या दुकानात जमा हायत. कायदा बदलला, एका परवान्यावर दोनच हत्यारं म्हणायलेत. दुनळी ठेवायचीच हाय. म्हणजे ह्या दोनीतली एक काढावी लागणार. कोणती काढावी, माझं काही ठरंना. तुमी बघा. पसंत पडंल ती तुमची, राहील ती आदिनाथच्या नावावर करतो."

आदिनाथ त्यांचा नातू. कॉलेज संपवून शेती बघायला गावी परत आलेला.

सिद्धोधन "बघतो" म्हणाला आणि फोन ठेवला. त्याची बायको सुलाबाई समोरच तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"त्या घरातली बंदूक ह्या घरात आणायलाव?" तिनं विचारलं. "आधी मामांचा पाय बघा, मग जावा परभणीला."

मामा म्हणजे तिचे सासरे, सटवाजी. पंच्याऐंशी ओलांडलेले. ते बाजेवर पाय लांब करून बसले होते. त्यांच्या डाव्या पोटरीवर, आतल्या बाजूनं, खड्डा होता. बोटाचं पेर मावेल एवढा. त्या पायानं ते आयुष्यभर लंगडत चालले.

ही गोष्ट सिद्धोधनच्या जन्माआधीची. त्या काळात डुकरांची शिकार उघड चालायची. आबासाहेबांचे वडील, ज्यांना गाव थोरले साहेब म्हणायचं, डोंगरात हाका घालायचे. हाका घालायला बौद्धवाड्यातले, गावातले जवान गडी ओळीनं उभे करायचे. त्यांनी आरडाओरडा करत रान झोडपत पुढं यायचं, आणि पुढं कुठंतरी थोरले साहेब रायफल घेऊन बसलेले असायचे. एकदा बार झाला आणि गोळी सटवाजीच्या पोटरीतून आरपार गेली. थोरले साहेब म्हणाले, डुक्कर उठलं, मी नेम धरला, सटवानं ओळ मोडली आणि मधे आला. गावानं ते मानलं. सटवाजी म्हणत राहिले, मी ओळीतच होतो. ते कुणी मानलं नाही.

पाय भरून आला, पण नाव चिकटलं. ओळमोड्या सटवा. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी हमखास म्हणायचं, अरे, सटवाला नीट बसवा, ओळ मोडंल. माणसं हसायची. सिद्धोधननं लहानपणी हे किती वेळा ऐकलं असेल, त्याला मोजता आलं नसतं. पुढं फौजेत गेल्यावर त्याला कळलं की घाबरलेला माणूस ओळ सोडतो, आणि आपण सोडली हे त्याला स्वतःलाही समजत नाही. मग बाप खरा की गाव खरं, याचा निकाल त्यानं मनातल्या मनात कधी लावलाच नाही. तो विचार आला की तो दुसऱ्या कामाला लागायचा.

"दादा," त्यानं विचारलं, "काय करू?"

सटवाजींनी पोटरी चोळली. मग म्हणाले, "त्यातली आखूड कोणती, माहीत हाय का तुला?"

"हाय."

"तीच होती."

"ठाऊक हाय, दादा."

"मग बघून ये," म्हातारा म्हणाला. "तुझ्या खांद्याला कोणती सोसती, ते तू बघ. मी काय सांगू? मी तिच्या पुढच्या अंगाला होतो."

परभणीचं दुकान बाजारातल्या एका बोळात होतं. बाहेर लोखंडी जाळीचं दार, आत भिंतीला साखळीत ओवलेल्या बंदुका. मालक बन्सीधर साठीचा, शांत बोलणारा माणूस. सिद्धोधन एसटीनं पोचला तेव्हा आबासाहेब आणि आदिनाथ आधीच येऊन बसले होते. आबासाहेब उठले नाहीत, पण खुर्ची पुढं सरकवली. सिद्धोधनच्या फौजेच्या नोकरीपासून ते त्याला 'तुमी' म्हणत. त्याच्या वडलांना मात्र अजूनही 'सटवा' म्हणत.

बन्सीधरनं दोन्ही रायफली काउंटरवरच्या सतरंजीवर मांडल्या. दोन्हींच्या नळ्या रिकाम्या आहेत हे त्यानं दाखवलं, सिद्धोधननं स्वतः पुन्हा पाहिलं.

दोन्ही बहिणी शोभाव्यात अशा. एकाच जातीच्या, एकच काडतूस खाणाऱ्या, नळीखाली काडतुसांची तशीच दुसरी नळी. आणि दोन्ही लांब रायफलीच्या मानानं छोट्याच. घोड्यावरच्या माणसाला वापरता यावी म्हणून मुळात तशा केलेल्या. फरक एवढाच की एकीची नळी वीस इंची, आणि तिच्या डाव्या अंगाला खोगिराला अडकवायची लोखंडी कडी. म्हणून ती कडीची. दुसरीची नळी त्याहून चार बोटं कमी. ती आखूड.

त्यानं आधी कडीची उचलली. डोळे मिटले, दस्ता खांद्याला लावला, मग डोळे उघडले. रायफल पुढं किंचित जड होती, पण त्या जडपणामुळंच नळी हलत नव्हती. नेम धरायची पुढची माशी मागच्या खाचेत येऊन बसली आणि बसूनच राहिली. दोन-चारदा दांडा मारला. जुनं यंत्र, पण आवाज स्वच्छ. मात्र रायफल थोडा वेळ तशीच धरल्यावर खांद्यात ती ओळखीची कळ हळूहळू जागी व्हायला लागली.

मग आखूड. ती खांद्याला लागली हे त्याला लागल्यावर कळलं, इतकी ती सहज वर आली. कळ नाही, ओढ नाही. कपाट आणि काउंटर यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून तो दोन पावलं चालला, वळला, पुन्हा वळला. तुरीच्या दोन ओळींमधून चालताना असंच वळावं लागणार होतं. कडीची तिथं फांदीत अडकली असती. ही अडकणार नव्हती.

पण तिचे तोटे त्याला ठाऊक होते. नळी आखूड म्हणजे माशी आणि खाच जवळ जवळ. हातात केसभर चूक झाली तर लांबवर ती वीतभर होते. शिवाय बार तोंडाजवळ फुटतो, कान बसतात, धक्का जास्त. आणि त्याला गोळी उधळायची नव्हती. डुकराच्या मागं पुढं माणसं असणार होती. तरीही जवळून, दाट पिकात, दुखऱ्या खांद्यानं, हिच्यासारखी दुसरी नाही, असंच त्याचा हात सांगत होता. ती खाली ठेवायला त्याला थोडा वेळ लागला.

"हवालदार," आदिनाथ हसत म्हणाला, "आखूड मला राहू द्या ना. कडीची तुमच्या हातात जास्त शोभतेय."

"त्यांना बघू दे," आबासाहेब म्हणाले.

सिद्धोधननं कडीची पुन्हा घेतली. आता तो हत्यार कसं वागतं ते पाहत होता. या रायफलींना वेगळं कुलूप नसतं. काडतुसावर आदळणारा मागचा घोडा अंगठ्यानं अर्ध्यावर आणायचा, तो आतल्या खाचेत अडकतो. याला अर्धा घोडा म्हणायचं. नळीत काडतूस असलं आणि घोडा अर्ध्यावर असला, तर चाप ओढला तरी बार होता कामा नये. चालताना, उडी मारताना रायफल वागवायची ती अशीच, त्या एका खाचेच्या भरवशावर.

कडीचीचा घोडा त्यानं अर्ध्यावर आणला, चाप दाबला. हलला नाही. जोर लावून दाबला. नाही. दस्ता काउंटरवर, सतरंजीच्या कोपऱ्यावर, आपटला. घोडा जागच्या जागी.

मग आखूड. घोडा अर्ध्यावर आला, खट्ट असा नेहमीचा आवाज झाला. बघणाऱ्याला काहीच वावगं वाटलं नसतं. त्यानं चापावर नुसतं बोट टेकवलं.

टक्. घोडा पडला.

त्यानं पुन्हा केलं. पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी चापाला हातच लावला नाही. नुसता दस्ता सतरंजीवर टेकवला, माणूस दमून टेकवतो तसा. टक्.

बन्सीधर काउंटरच्या मागून बाहेर आला, रायफल घेऊन आतल्या टेबलावर गेला. पेचकस, छोटी हातोडी, भिंग. त्यानं घोडा काढून कापडावर ठेवला आणि भिंगातून बराच वेळ पाहिला. मग ते भिंग सिद्धोधनकडे दिलं.

"खाचेची कड उडालीय," तो म्हणाला. "वरून अडकल्यासारखी वाटते, पण आत धरायला काही नाही. आणि हे आजचं नाही. ताजं तुटलेलं लोखंड चमकतं. ही कड काळी पडलीय, त्यात तेल मुरलंय. जुनं काम आहे."

"किती जुनं?"

"ते कसं सांगू? ही वापरात कधीपर्यंत होती त्यावर आहे."

सिद्धोधन आबासाहेबांकडे वळला. "आबासाहेब, ही शेवटची कधी वाजली?"

आबासाहेब कापडावरच्या त्या लोखंडाच्या तुकड्याकडे बघत होते.

"त्याच दिवशी," ते म्हणाले. "त्यानंतर वडलांनी ती पेटीत घातली. परत काढली न्हाई. मीही न्हाई काढली."

"कोणत्या दिवशी?" आदिनाथनं विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

आबासाहेबांनी सांगितलं. मोजक्या शब्दांत, नातवाकडे न बघता. हाका, बार, सटवाची पोटरी. वडील काय म्हणाले ते. "मी सतरा-अठराचा असंन. ओढ्याच्या अलीकडं घोडी धरून उभा होतो. मला काही दिसलं न्हाई, बार तेवढा ऐकला. वर पळत गेलो तर वडील सटवापाशी उभे. त्यांचे दोन्ही गुडघे फुटलेले, धोतर मातीनं भरलेलं. मला वाटलं, गोळी लागली म्हणून पळत येताना पडले असतील."

ते थांबले.

"आधी पडले असतील," ते म्हणाले.

बन्सीधरनं घोडा पुसला आणि परत बसवायला घेतला.

सिद्धोधनला वाटलं होतं की असं काही कळलं तर आपल्याला राग येईल. राग आला नाही. तो त्या पुढं सरकवलेल्या खुर्चीवर बसला. नेम नव्हता. डुक्कर उठलंच नव्हतं. माणूस पडला, दस्ता आपटला, गोळी वाट फुटेल तिकडं गेली. ओळीतल्या कुणालाही लागली असती. ती त्याच्या बापाला लागली. आणि बाप ओळीत होता.

आता आखूड त्याला आधीपेक्षा जास्त हवी झाली. हातात सोसते म्हणून नाही. ती घरात भिंतीवर टांगावी, येईल त्याच्यासमोर घोडा अर्ध्यावर आणावा आणि म्हणावं, बघा. एवढंच करण्यासाठी हवी होती. पण बोल्टची धरून त्याच्या परवान्यावर आणखी एकच रायफल बसत होती. परभणीच्या दवाखान्यात कस्तुराबाई अजून पडून होती, आणि तिच्या जागी उद्या दुसरी बाई गवत कापायला जाणार होती. खाच नवी बसवता आली असती, पण खाच नवी बसवली की दाखवायला काय उरलं? आणि नवी खाच बसवलेल्या त्या रायफलीला खांद्याला लावून, पुढं उभ्या असलेल्या माणसांकडे नळी करून आपला हात स्थिर राहील का? त्यानं स्वतःला खरं उत्तर दिलं.

"मी कडीची घेतो," तो म्हणाला.

"खांदा?" आबासाहेबांनी विचारलं.

"दस्त्याला रबर लावून घेईन. आणि सराव करीन. दुखंल थोडं."

"आखूडची खाच नवी करून देतो मी," बन्सीधर म्हणाला. "सुटा भाग घडवता येतो."

"मग ती मला," आदिनाथ म्हणाला.

"नको," आबासाहेब म्हणाले.

"आबा, दुरुस्त होते म्हणतायत ना ते."

"होत असंल. आपल्या घरात नको. ठाण्यात जमा करू, पुढं सरकार काय करंल ते करंल." मग सिद्धोधनकडे वळून ते म्हणाले, "हवालदार, सटवाला मी सांगतो. तुमी आधी बोलू नका."

सिद्धोधन "बरं" म्हणाला. आबासाहेबांनी गाडीतून सोडतो म्हटलं. सिद्धोधन नको म्हणाला आणि एसटीनं परतला. जिंतूरपर्यंत त्यानं खिडकीबाहेर पाहिलं, पण कोणतं गाव कधी गेलं ते त्याला सांगता आलं नसतं. शब्द दिला होता, तो पाळणं आता जड जात होतं.

घरी सटवाजींनी विचारलं, "कोणती?"

"कडीची."

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि कूस बदलली.

सुलाबाईला मात्र त्यानं सांगितलं, कारण तो ताटावरून तसाच उठला आणि ती मागं लागली. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "न्हाई येणार ते."

"येतो म्हणलेत."

"बोललेत परभणीला, दुकानात. हितं, आपल्या दारात येऊन, मामांपुढं बसून बोलायचं म्हंजी येगळं. तुमी वाट बघत बसा."

दुसऱ्या दिवशी आबासाहेब आले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. सिद्धोधन कलेक्टर कचेरीत कागद देऊन आला, वनखात्याचा माणूस येऊन डुकरांच्या वाटा बघून गेला.

ते आले ते एका सकाळी, ऊन अंगणात पसरल्यावर. एकटेच, चालत. बौद्धवाड्यात ते आले की विहाराच्या कट्ट्यापर्यंत येत, सभा असली तर खुर्चीवर बसत आणि परत जात. कुणाच्या अंगणात आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. सुलाबाई खुर्ची आणायला आत वळली तोवर ते सटवाजींच्या बाजेच्या कडेवर टेकले.

सटवाजी उठून बसायला लागले.

"बसा, बसा," आबासाहेब म्हणाले. "सटवाजी, मी एक सांगायला आलो. तुमी ओळीतच होता."

सिद्धोधन दाराशी उभा होता. त्याच्या कानाला आधी तो 'तुमी' ऐकू आला, बाकीचं नंतर.

सटवाजींनी आबासाहेबांकडे नीट पाहिलं, जसं ऊन डोळ्यांवर येत असताना पाहतात. "व्हय," ते म्हणाले. "होतो."

आबासाहेबांनी खाचेचं सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं. सगळं झाल्यावर म्हाताऱ्यानं एकच विचारलं.

"मग डुक्कर?"

"डुक्कर नव्हतंच."

"नव्हतंच," सटवाजी म्हणाले. "मी तवाच म्हणलं हुतं. रान झोडपणाऱ्याला कळतं, पुढं जनावर हाय का न्हाई ते."

सुलाबाईनं चहा आणला. आबासाहेबांनी कप घेतला, दोन घोट घेतले. मग ते उठायच्या बेतात असताना सटवाजी म्हणाले, "आबासाहेब, हे तुमी मला कशापायी सांगायलाव?"

"म्हंजी?"

"मला ठाऊक हाय की. मी ओळीत हुतो हे मला पयल्या दिवसापासून ठाऊक हाय. ज्यांला ठाऊक न्हाई, त्यांला सांगा. हितं बाजंवर बसून सांगून काय उपेग?"

आवाजात कडवटपणा नव्हता. एखाद्याला वाट चुकल्यावर नीट रस्ता सांगावा तसं ते बोलले. आबासाहेबांच्या हातातला कप तसाच राहिला. सिद्धोधनला वाटलं, आता हे उठतील आणि जातील, आणि पुन्हा कधी बोलणार नाहीत. एवढं वय, एवढं घर, आणि मेलेल्या बापाचं नाव. कुणीही उठून गेलं असतं.

"कुठं सांगू?" आबासाहेबांनी विचारलं.

"पारावर. पंचायतीत. जिथं माणसं असतील तिथं."

आबासाहेब "बरं" म्हणाले आणि गेले.

डुकरांच्या बंदोबस्ताची बैठक पंचायतीच्या आवारात भरली. परवानगीचा कागद आला होता, कडीचीची नोंद सिद्धोधनच्या परवान्यावर झाली होती. बैठकीला माणसं बरीच जमली. सिद्धोधननं कामाचं सांगितलं. हाका होणार नाही. कुणीही रानात शिरायचं नाही. मी शेतातल्या उंच माळ्यावर बसणार, पहाटे उजाडल्यावर, माणूस दिसेल एवढा उजेड झाल्यावरच बार टाकणार. नळीच्या पुढच्या अंगाला त्या वेळी कुणी असता कामा नये. हे त्यानं दोनदा सांगितलं.

सटवाजी मागं, भिंतीला टेकून बसले होते. त्यांना आणायला सिद्धोधन तयार नव्हता. तेच काठी घेऊन निघाले होते.

मग आबासाहेब उभे राहिले. लोकांना वाटलं, वर्गणीचं काही असेल. त्यांनी घसा खाकरला आणि जुनी गोष्ट सांगायला सुरुवात केली. वडलांचं नाव घेतलं. "वडील पडले, रायफल आपटून आपोआप वाजली. नेम धरला नव्हता. सटवाजीनं ओळ मोडली नव्हती. आमच्या घरानं हे खोटं सांगितलं, म्हणून गाव चुकीचं बोलत आलं. आजपासून कुणी तसं म्हणू नये."

बोलून झाल्यावर ते बसले. हात गुडघ्यांवर ठेवून सरळ समोर बघत राहिले.

आवारात शांतता झाली, पण ती सिद्धोधननं मनात धरली होती तशी नव्हती. पुढं बसलेल्या पोरांना कळेना कसली ओळ, कुणी मोडली. त्यांनी ते टोपणनाव कधी ऐकलंच नव्हतं. ज्यांनी पंगतीत हसून हसून ते नाव चालवलं, ती माणसं बहुतेक वर गेली होती. उरलेल्यांपैकी दोघांनी माना खाली घातल्या. एकजण सटवाजींच्या जवळ सरकला आणि त्यांच्या हातावर हात ठेवून तसाच बसला. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "मग डुकरांचं कोणत्या दिशी करायचं?" आणि बोलणं पुढं गेलं.

घरी परत जाताना बापलेक सावकाश चालत होते. काठी, मग चांगला पाय, मग दुसरा.

"बरं वाटलं का, दादा?" सिद्धोधननं विचारलं.

सटवाजींनी विचार केला. "लय उशीर झाला," ते म्हणाले. "तुझी माय असायला पायजे हुती. तिनं लय ऐकून घेतलं, पाण्याला गेल्यावर बायका बोलायच्या." थोडं पुढं गेल्यावर ते म्हणाले, "पण बोलला तो. बापाच्या नावानं बोलणं सोपं न्हाई. त्याच्या बापाला न्हाई जमलं."

"आखूड ठाण्यात जमा केली त्यांनी."

"जाऊ दे तिला. लोखंडाचा काय दोष हाय त्यात."

त्या आठवड्यात सिद्धोधन माळ्यावर बसला. ज्वारी कणसात आली होती, पहाटेच्या गारठ्यानं पानं ओली झाली होती. उजाडता उजाडता ताटं हलली आणि डुक्कर मोकळ्या पट्टीवर आलं, भलं मोठं, मान खाली घालून हरभरा उकरत. मागं डोंगराची चढण होती. गोळी चुकली तरी मातीत जाणार होती. त्यानं घोडा पूर्ण मागं ओढला. कडीची पुढं जड होती, आणि आज तो जडपणा कामाला आला. माशी खाचेत बसली, बसूनच राहिली. बार झाला. खांद्यात कळ उठली, डोळ्यांत पाणी आलं, पण तोवर मनगटानं दांडा मारून दुसरं काडतूस नळीत बसलंही होतं. त्याची गरज लागली नाही. डुक्कर दोन पावलं जाऊन पडलं होतं.

तो खाली उतरला नाही. आधी एक एक काडतूस बाहेर काढलं, नळी रिकामी झाल्याचं बोट घालून पाहिलं, मग बांधावरच्या माणसांना हात केला. वनखात्याचा माणूस पंचनामा करायला पुढं झाला.

घरी आला तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. सुलाबाईनं त्याच्या खांद्यावर शेकायला वीट तापत ठेवली होती. रायफल त्यानं आतल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि बाहेर येऊन बाजेच्या कडेला बसला.

"पडलं का?" सटवाजींनी विचारलं.

"पडलं."

"आन् माणसं?"

"सगळी बांधावर हुती, दादा. मागच्या अंगाला."

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि पाय उन्हात सरकवले.